तडा कवचाचा, तपास गाडीचा

लकडगंजातून नित्य जाणाऱ्या माणसाला आरागिरण्यांचा आवाज आणि ताज्या चिरलेल्या सागवानाचा वास वेगळा सांगावा लागत नाही. पहिल्या सरी कोसळल्या की रस्त्यावर सांडलेला भुसा चिखलात मिसळतो आणि दुचाकीचे चाक तिथे हमखास दगा देते. गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या असाच एका वळणावर घसरला. वेग बेताचा होता, डोक्यावर हेल्मेट होते. कोपर खरचटण्यावर निभावले. गाडी मात्र उजव्या कुशीवर पडली. तिच्या फेअरिंगला दोन लांब तडे गेले, बोल्ट बसतो तो एक कान तुटला आणि तळहाताएवढा तुकडा निखळून रस्त्यावर पडला.

मुलाने घरी काही सांगितले नाही. नव्या भागांची किंमत मजुरीसह ११,५०० रुपये होईल, असा अंदाज त्याला मिळाला होता आणि ती रक्कम वडिलांपुढे उच्चारण्याचे धैर्य त्याच्यापाशी नव्हते. त्याने मागून चिकटपट्टी लावली, वर मोठे स्टिकर डकवले आणि गाडी पुन्हा वापरात आणली. पाचव्या दिवशी वहिनींना आमच्या गोदामाच्या फरशीवर हिरवट पाण्याचा डाग दिसला. इंजिन थंड ठेवणारे कूलंट गळत होते.

मग फेअरिंग उतरवली. रेडिएटरच्या रबरी नळीची क्लिप सरकली होती. पुढच्या ब्रेकचा दांडा वाकला होता. सर्वांत भयंकर गोष्ट पुढेच होती : हँडल उजवीकडे पूर्ण वळवले की तुटलेल्या कानाचा टोकदार भाग ॲक्सिलरेटरच्या केबलला अडत होता आणि मूठ आपोआप पूर्वस्थितीला येत नव्हती. सेंट्रल ॲव्हेन्यूच्या गर्दीत वळण घेताना ती अडकली असती, तर काय झाले असते, हा विचार आम्हा सर्वांच्या मनात एकाच वेळी आला असावा. माझे थोरले बंधू बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, “अरे, पैशांचं आपण पाहून घेऊ. तू पडलास, हे आधी सांगायचं होतंस.”

त्यानंतरच्या तीन रविवारी आम्ही ती फेअरिंग घरीच दुरुस्त केली. अनेक घरांतून असाच प्रसंग येत असेल, म्हणून त्या अनुभवातून व अभ्यासातून हाती आलेले येथे मांडतो.

हे कवच कशासाठी?

फेअरिंग म्हणजे मोटारसायकलच्या पुढे व दोन्ही बाजूंना बसवलेले प्लास्टिकचे आवरण. वाऱ्याचा रोध कमी करणे आणि चालकाच्या छातीवर येणारा झोत वळवणे हे तिचे मूळ काम. शर्यतीच्या गाड्यांवर ती फार पूर्वीपासून होती. १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर १०० आरएस या गाडीने ती प्रवासी मोटारसायकलवर रूढ केली. आपल्याकडे २००३ साली आलेल्या करिझ्माने अर्धी आणि २००८ च्या यामाहा आर १५ ने पूर्ण फेअरिंग तरुणांच्या स्वप्नात आणून बसवली. शहरातील वेगात तिचा उपयोग थोडा व शोभा अधिक. म्हणूनच गाडी पडली की सर्वांचे लक्ष शोभेकडे जाते आणि आत काय झाले, ते झाकलेले राहते.

प्रथम उतरवा, मग पाहा

फेअरिंग उतरवताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे. बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर गाडीची बाह्याकृती काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवावा. मग हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून ॲक्सिलरेटरची मूठ सोडून पाहावी. ती झटकन परतली पाहिजे. ब्रेक व क्लचचे दांडे, पाय ठेवण्याची पट्टी, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, रेडिएटर, इंजिनाच्या बाजूची झाकणे, दिव्याच्या तारा हे सारे क्रमाने तपासावे. सरळ रस्त्यावर हँडल वाकडे धरावे लागत असेल, तर गाडी आधी जाणत्या मेकॅनिकला दाखवावी. ब्रेक आणि स्टिअरिंगवर काटकसर करू नये. काटकसरीला जागा आहे ती वरच्या आवरणात.

विम्याचा हिशेब

अनेकांचा एक गैरसमज आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीबरोबर पाच वर्षांचा विमा घ्यावा लागतो खरा. पण तो तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या हानीचा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा असतो आणि तो दरवर्षी चालू आहे की नाही, हे पाहावे लागते. तो असला, तरी साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झीरो डेप्रिसिएशन’ची जोड घेतली असेल, तरच ही कपात टळते. शिवाय दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. सलग पाच वर्षे दावा नसेल, तर ही सवलत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असते. म्हणून लहान नुकसानीत कागदावर दोन्ही आकडे मांडूनच दावा करावा. मोठ्या अपघातात मात्र संकोच न करता विमा कंपनीला तत्काळ कळवावे आणि सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी दुरुस्ती सुरू करू नये.

प्लास्टिक ओळखणे

फेअरिंगच्या मागच्या बाजूस सामग्रीचे नाव लहान रोमन अक्षरांत कोरलेले असते : बहुधा एबीएस, कधी पीपी. खूण सापडली नाही, तर छोटा तुकडा पाण्यात टाकावा. पीपी तरंगते, एबीएस बुडते. हा भेद महत्त्वाचा आहे. कारण एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळते, पीपीवर ॲसिटोनचा परिणाम होत नाही आणि साधा गोंदही त्यावर टिकत नाही. पीपीचा तडा त्याच प्लास्टिकची कांडी घेऊन गरम हवेच्या वेल्डिंगने जोडून घ्यावा लागतो. ते काम कारागिराकडेच द्यावे.

तडा जोडण्याची रीत

एबीएसचा तडा घरी जोडता येतो. त्याच प्लास्टिकचे निरुपयोगी तुकडे काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये रात्रभर भिजवावेत. सकाळी साखरेच्या घट्ट पाकासारखा लगदा होतो. मुलांच्या लेगोच्या विटा १९६३ पासून एबीएसच्या बनतात. घरी मोडक्या विटा असतील, तर त्याही कामी येतात. ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. गॅसची शेगडी, निरांजन, उदबत्ती यांपासून दूर, मोकळ्या हवेत आणि मुलांना जवळ न येऊ देता हे काम करावे.

पॅनेल साबणाच्या पाण्याने धुवावे. पेट्रोलने पुसू नये; त्याने एबीएस ठिसूळ होते. तडा जिथे संपतो, तिथे दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडावे. त्यामुळे टोकाशी साठणारा ताण वाटला जातो आणि तडा पुढे सरकत नाही. दर्शनी बाजूने चिकटपट्टी लावून कडा नीट जुळवाव्यात, मागच्या बाजूने तड्यावर उतरती खाच करावी, तीत लगदा भरावा, वर बारीक जाळी किंवा काचतंतूचे कापड बसवून पुन्हा लगदा द्यावा. मग दोन दिवस हात लावू नये. वरून सुकलेला जोड आतून मऊ असतो, आणि घाईने घासला की खचतो.

तुटलेल्या कानासाठी ॲल्युमिनियमची पातळ पट्टी मागून रुतवून वर लगद्याचे थर दिले. निखळलेला तुकडा सुदैवाने मुलाने जपून ठेवला होता; तो नसता, तर काचतंतूचे कापड व इपॉक्सी वापरून ती जागा भरावी लागली असती. पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडते, पण एबीएसवर त्याची पकड इपॉक्सीपेक्षा कमी. त्यात हार्डनर साधारण एक ते दोन टक्के घालतात. नागपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकला असता, मिश्रण हातातच घट्ट होते. त्या दिवसांत पहाटे आणि थोडे थोडे मिश्रण करून काम उरकावे.

लकडगंजात राहण्याचा आम्हाला एक लाभ झाला. इपॉक्सी, पॉलिश पेपर, मास्क, बारीक जाळी हे सारे सुतारकामाचेच साहित्य. प्लायवुड-हार्डवेअरच्या दुकानांतून ते चार पावलांवर मिळाले.

रंगाचे काम

पॉलिश पेपर १८० क्रमांकापासून सुरू करून ६०० पर्यंत क्रमाने बारीक करत जावे. शेवटचे क्रमांक पाण्यासह वापरावेत. पुट्टी पातळ द्यावी. जाड थर कंपनाने तडकतो. त्यावर प्लास्टिकसाठीचा प्रायमर आणि रंगाचे तीन-चार हलके हात. पावसाळी हवेत लॅकर पांढुरके पडते, म्हणून कोरडा दिवस निवडावा. वरच्या चकाकीसाठी साधा स्प्रे वापरला, तर पेट्रोलचा थेंब सांडताच डाग पडतो. दोन घटकांचा क्लिअर कोट टिकाऊ असतो. पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक असल्यामुळे आम्ही तेवढे काम पेंटरकडे सोपवले.

बदलणे केव्हा योग्य?

पॅनेलचे अनेक कान एकदम तुटले असतील, ते उष्णतेने वाकले असेल किंवा चाकाला वा हँडलला घासत असेल, तर दुरुस्तीत पैसा घालवू नये. अशा वेळी पूर्ण संच न घेता तेवढाच भाग पार्ट नंबर सांगून मागवावा. तो बिनरंगाचा मिळतो का, हेही विचारावे. बाहेर बनलेले स्वस्त पॅनेल घेताना जुना भाग सोबत नेऊन छिद्रे जुळवून पाहावीत. जुना भाग मोड-बाजारातून घ्यायचा, तर पावतीखेरीज घेऊ नये. चोरीच्या गाडीचा भाग आपल्या घरी यायला नको. नवा संच वेगळ्या रंगाचा बसवून गाडीचा रंग बदलणार असाल, तर तो नोंदणी प्रमाणपत्रात आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो.

परत बसवताना रबरी वॉशर विसरू नयेत आणि बोल्ट बोटांच्या बळाने टेकल्यावर किंचितच आवळावेत. बोल्ट सैल होऊ नये म्हणून वापरतात ते थ्रेडलॉकर एबीएसला लागू देऊ नये. त्याने कानाला नवे तडे जातात.

अखेरचा हिशेब

आमचा खर्च असा झाला : ब्रेकचा दांडा २८० रुपये, नळीची क्लिप, कूलंट व मजुरी ६५०, घरचे साहित्य ७४०, पेंटर १,५००, एकूण ३,१७०. ११,५०० पुढे ही रक्कम थोडी आहे. परंतु या हिशेबात ते चार दिवस धरलेले नाहीत, ज्या दिवसांत आमचा मुलगा अडकणारी मूठ घेऊन रस्त्यावर फिरत होता. त्यांचे मोल कोणी करू शकणार नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी दुचाकी चालवणारी मुले आहेत, त्या पालकांना एक विनंती. गाडी पडली तर पहिला प्रश्न “किती खर्च येईल?” असा नसावा, तो “तुला लागलं का?” असा असावा, आणि हे मुलांना गाडी पडण्यापूर्वीच ठाऊक असावे. मुलांनाही सांगणे आहे : स्टिकर लावण्याआधी घरी सांगा. आमच्या पुतण्याच्या गाडीवरचा जोड उन्हात तिरपे पाहिले की अजून पुसट दिसतो. पेंटरने आणखी एक हात मारून तो झाकून देतो म्हटले होते. मुलगाच म्हणाला, “असू द्या, काका.”