कुकडीच्या काठाने तीन दिवस

कुकडी नदी जुन्नर तालुक्यात, सह्याद्रीच्या माथ्यालगत पूर गावाजवळ उगम पावते. पूर्वेकडे वाहत जाऊन ती घोड नदीला मिळते आणि घोड पुढे भीमेला. ही काही मोठी नदी नव्हे. पण तिच्या काठाने किंवा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर सातवाहनांच्या काळातला व्यापारी घाट, शिवरायांचं जन्मस्थान, जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक दुर्बीण आणि पाण्याने कातळात कोरलेले रांजणखळगे, एवढं सगळं आहे. घरात आठ ते चौदा वर्षांची मुलं असतील, तर एखाद्या सुट्टीतले तीन दिवस या नदीला द्यावेत असं मला मनापासून वाटतं.

एकच नदी धरायची याला कारण आहे. किल्ला, लेणी, देऊळ, धरण अशी ठिकाणं गाडीतून उतरून पाहिली की मुलांच्या डोक्यात ती सुटी सुटी राहतात आणि आठवड्याभरात पुसली जातात. नदी त्यांना क्रम देते. म्हणून निघण्याआधी घरी मोठा कागद पसरावा आणि नकाशा मुलांनाच काढू द्यावा. आधी सह्याद्रीची उभी रांग, मग कुकडीची निळी रेघ, आणि तिच्या आजूबाजूला नाणेघाट, शिवनेरी, लेण्याद्री, खोडद, निघोज. त्याच वेळी एक प्रश्न टाकून ठेवावा: अरबी समुद्र इतका जवळ असताना ही नदी उलटी पूर्वेला का जाते? उत्तर सांगू नका. ते नाणेघाटात पायाखालीच सापडतं.

काळ म्हणाल तर दिवाळीची सुट्टी उत्तम. पावसाळ्यात नाणेघाटातला उलटा धबधबा दिसतो, कड्यावरून पडणारं पाणी कोकणातून चढणारा वारा वर फेकतो, पण तेव्हा निघोजचे खळगे पुराखाली असतात. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका तापतो की दहानंतर मुलं कशातच लक्ष घालत नाहीत. मुक्काम जुन्नर किंवा नारायणगावला करावा. पुण्याहून नारायणगाव साधारण 75 किलोमीटर. आसपास कृषी पर्यटनाची केंद्रंही आहेत आणि लहान मुलांना ती हॉटेलपेक्षा जास्त आवडतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. हा बिबट्यांचा मुलूख आहे आणि उसाच्या शेतांत बिबटे राहतात. अंधार पडू लागला की मुलांना एकटं बाहेर सोडायचं नाही. भीती न घालता, बिबट्या उसात का राहतो हे सांगितलं तर मुलं ते चटकन समजून घेतात: तिथे लपायला जागा असते आणि गावात कुत्री, शेळ्या मिळतात.

पहिला दिवस नाणेघाटाचा. जुन्नरहून सुमारे 30 किलोमीटरचा रस्ता, वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं जुनं कोरीव दगडी देऊळ लागतं. तिथे नदी जन्मते, तेव्हा थांबायलाच हवं. घाटमाथ्यावर पोचलात की मुलांना नकाशावरचा प्रश्न आठवून द्या. कड्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला जातो. पूर्वेला पडलेला पाऊस कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळतो. पुस्तकातला जलविभाजक इथे दोन पावलांत ओलांडता येतो.

घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला लेख आहे. त्यात यज्ञ आणि त्या वेळी दान दिलेल्या गाई, घोडे, कार्षापण नाणी यांची नोंद आहे. मोठ्यांना यातला राजवंश महत्त्वाचा वाटतो. मुलांना आकडे दाखवावेत. भारतात सापडलेल्या सर्वात जुन्या अंकलेखनांपैकी हे एक आहे. ब्राह्मी अंकांचा तक्ता घरून छापून न्यावा आणि भिंतीवर ते अंक शोधायला सांगावं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, हे लगेच कळतं. पुढे दहाला, शंभराला, हजाराला वेगळी चिन्हं लागतात, कारण इथे शून्य नाही. शून्याशिवाय मोठी संख्या लिहिताना काय अडतं, हे मुलं स्वतः खडूने दगडावर न गिरवता वहीत लिहून पाहतील तर शाळेतला स्थानिक किमतीचा धडा पक्का होतो. त्याच गुहेत राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. आज वर त्यांची नावं आणि खाली थोडे पायाचे अवशेष उरलेत. बाहेर दगडी रांजण आहे, त्यात घाटाची जकात टाकत असं परंपरेने सांगतात. सोपारा, कल्याण या बंदरांचा माल याच वाटेने जुन्नरला चढत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर शिवनेरी. 19 फेब्रुवारी 1630 ही शिवरायांच्या जन्माची तारीख मुलांना पाठच असते, त्यामुळे तिथेच थांबू नये. पायऱ्यांच्या वाटेवर सात दरवाजे आहेत. ते मोजत चढायचं आणि प्रत्येक दरवाजापाशी विचारायचं: शत्रू इथे आला तर त्याला कुठून मारता येईल? वळणं, उंच तट, अरुंद जागा यांचा अर्थ मुलं आपणहून लावतात. वर गेल्यावर गंगा-जमुना टाकी दाखवा. डोंगरमाथ्यावर वर्षभर पुरेल इतकं पाणी साठवल्याशिवाय किल्ला लढू शकत नाही, ही गोष्ट तलवारींपेक्षा खोल शिकवण देते. उतरल्यावर जेवण आणि पूर्ण दुपार मोकळी. हा रिकामा वेळ आखणीतला भाग आहे, तो कापू नका. संध्याकाळी उत्साह असेल तर लेण्याद्री. तिथल्या बौद्ध लेण्यांपैकी सातव्या लेण्यात अष्टविनायकांतला गिरिजात्मज आहे. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बुरूड, कासार, धान्याचे व्यापारी यांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायांचे संघ, येतात, यवन दातेही येतात. बाजारपेठ किती मोठी होती ते यावरून कळतं.

तिसरा दिवस खोडदचा, आणि मुलांच्या दृष्टीने बहुधा सर्वात मोठा. इथल्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपची, म्हणजे जीएमआरटीची, कल्पना गोविंद स्वरूप यांची. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. 14 मध्यभागी जवळजवळ आणि बाकीच्या 16 वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, असा सगळा पसारा सुमारे 25 किलोमीटरचा. आकाशातून येणारे रेडिओ संकेत एकत्र जुळवले की इतक्या मोठ्या एकाच दुर्बिणीइतका बारकावा मिळतो. जवळ गेल्यावर मुलं हमखास विचारतात: ही तर तारेची जाळी आहे, भोकांतून लहरी निघून नाही का जाणार? घरची चाळण आठवायला सांगा. रवा खाली पडतो, शेंगदाणे वर राहतात. जाळीची भोकं एक-दोन सेंटीमीटरची, आणि ही दुर्बीण टिपते त्या लहरींची लांबी सुमारे 20 सेंटीमीटरपासून दोन मीटरपर्यंत. लहरींना ही जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते. शिवाय वारा आरपार जातो, वजन कमी होतं आणि खर्च वाचतो. परिसरात मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण ताऱ्यांकडून येणारा संकेत अतिशय क्षीण असतो आणि फोन त्याच्यापुढे फार मोठा गोंगाट करतो. मुलं हा नियम आनंदाने पाळतात, आईवडिलांना आठवण करून द्यावी लागते.

तिथून कुकडीच्या काठाने खाली निघोजला जावं. वाटेत बोरी गाव लागतं. तिथे नदीकाठच्या थरांत इंडोनेशियातल्या तोबा ज्वालामुखीची राख आणि आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राख नेमकी कोणत्या उद्रेकातली यावर अभ्यासकांत वाद आहे. शास्त्रज्ञांचंही एकमत नसतं, हे मुलांना जरूर सांगावं.

निघोजचे खळगे पाहताना दोन दिवसांचा धागा जुळतो. नाणेघाटाची गुहा, लेण्याद्रीची लेणी आणि इथले खळगे हे सारं एकाच काळ्या बेसाल्टमध्ये आहे. तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तिथे छिन्नी चालली, इथे पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे गरगर फिरत कातळ खरवडत राहिले. खळग्याच्या तळाशी असे गुळगुळीत गोटे पाहायला मिळतात, ते शोधायला लावा. मात्र मुलांचा हात सोडू नका. खळगे खोल आहेत, ओला कातळ निसरडा असतो आणि पाण्यात उतरणं धोक्याचं आहे.

घरी आल्यावर निबंध लिहायला लावू नये. नकाशा भिंतीवर लावा, मुलं त्यात स्वतःच भर घालतील. आणि सर्वात आधी करायचं काम शेवटी सांगून ठेवते: खोडदला आधी परवानगी घेतल्याशिवाय जाता येत नाही. पत्र आधी पाठवा, तारीख हाती आली की मगच मुक्कामाची खोली ठरवा.