माथेरानचं इंजिन इंग्लंडात काय करतंय?

हेडफोन लावलेत? आज झुकझुकगाडीबद्दल बोलूया. फक्त रीलपुरतं नाही, जरा इंजिनाखाली वाकून बघूया.

मुंबई लोकलच्या दोन रुळांत 1676 मिलिमीटर अंतर असतं. नेरळ-माथेरानच्या रुळांत फक्त 610, म्हणजे दोन फूट. असं का? कारण डोंगर. रूळ जितके जवळ, तितकं वळण आवळून घेता येतं. मग बोगदे कमी, पूल कमी, खर्च कमी. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन राबला आणि 1907 मध्ये गाडी सुरू झाली. वीस फूट पुढे गेलात की एक फूट वर, इतका तीव्र चढ आहे तो!

आता खरी गंमत. सहा चाकांचं इंजिन एवढ्याशा वळणावर अडकणारच की. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलने त्यावर भारी उपाय वापरला. पुढचा आणि मागचा आस दुहेरी केला. आत भरीव दांडा, त्यावर पोकळ नळी, आणि मधोमध चेंडूसारखा सांधा. चाकं बसवली नळीला. दांडा जागेवरच फिरतो, नळी मात्र वळणाप्रमाणे थोडी तिरकी होते. आपल्या खांद्याचा सांधा आठवा, साधारण तसंच.

अशी चार इंजिनं होती. डिझेल आलं आणि 1980च्या दशकात ती थांबली. 738 नंबरचं नेरळला शोभेला उभं आहे. 740 मात्र इंग्लंडात, लेटन बझर्डच्या छोट्या रेल्वेवर पोचलं. तिथल्या हौशी स्वयंसेवकांनी ते पुन्हा वाफेवर आणलं!

ही हौस तिकडे जुनी आहे. 1951 मध्ये वेल्समधली टॅलिलिन रेल्वे बंद पडण्याच्या बेतात होती, ती स्वयंसेवकांनीच हातात घेतली. आज लोक मुद्दाम तिकीट काढून तिथे जातात. कुठे पोचायचं म्हणून नाही, तर धूर, शिट्टी, कोळशाचा वास यासाठी. आपल्या दार्जिलिंगलाही तेच. 1999 मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, आणि वाफेची जॉयराइड तिथे आजही लोकांना खेचते.

माथेरानला तर मोटारीच चालत नाहीत, दस्तुरी नाक्यावर थांबतात. म्हणजे वाफेच्या गाडीला याहून चांगली जागा कुठली? अडचण आहे ती बॉयलरची. तो नियमित तपासावा लागतो, आणि तो दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. इंजिन रंगवून उभं करता येतं हो, पण ते चालवायची विद्या रंगवून टिकत नाही. ती शिकवायला जुने ड्रायव्हर, फायरमन लागतात.

पुढच्या वेळी नेरळला उतरलात तर 738च्या चाकांमध्ये डोकावून बघा. तो दुहेरी आस दिसतोय का, कमेंटमध्ये सांगा.