स्थलांतर, सात्म्य आणि माटुंगा

अग्निमांद्य, निद्रानाश, अंगमर्द, हृदयाची धडधड. आणि सर्व तपासण्या स्वाभाविक. अशा रुग्णाचे औषध आपण बदलून पाहतो. त्याचे गाव बदलले आहे काय, हे क्वचितच विचारतो. वस्तुतः रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, कोठे वाढला आणि कोठे व्याधिग्रस्त झाला, हे पाहण्यास चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. तिन्ही उत्तरे भिन्न निघाल्यास निदानाचा विचार पुन्हा करावा, असे आमचे मत आहे.

माटुंग्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तमिळ, मल्याळी, कन्नड कुटुंबे स्थिरावली. भाषा परकी, पाणी परके. परंतु 1923 मध्ये आस्तिक समाज, 1932 मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, 1940 मध्ये कॅफे मद्रास असा आधार उभा राहिला. चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात दाक्षिणात्यांना पेया सात्म्य सांगितली आहे. भात, रसम्, ताक येथेही ताटात राहिले. ओकसात्म्य तुटले नाही. स्वसंस्कृती राखून नव्या समाजात मिसळणाऱ्यास ताण कमी होतो, असे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांचेही प्रतिपादन आहे.

मिसळणे मात्र एकट्या स्थलांतरिताच्या हाती नसते. 1966 नंतर मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध मोहीम चालली. यजमान समाजाचे वर्तन हाही एक हेतूच होय, मग ते आपले स्वतःचे का असेना.

आज आम्हांस अधिक चिंता वाटते ती उतारवयात मुलाकडे आणलेल्या मातापित्यांची. तरुण स्वेच्छेने येतो, त्याला नोकरीत सोबती मिळतात. वृद्धाचे अंगण, विहीर, शेजार एकाच दिवसात सुटते; नातवंडांशी बोलावयास भाषा उरत नाही. वय वाताचे, त्यात हा एकांत! अशांना ‘आता इथलेच खा’ असे सांगणे म्हणजे अपथ्यच. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रमाने, चतुर्थांश चतुर्थांश करून, आहार बदलावा. सकाळचे देवदर्शन व स्वभाषकांची भेट दिनचर्येत लिहून द्यावी. औषधविक्रेत्यांनीही धान्वंतरं कुळंबु कोणी केरळीय नावाने मागितल्यास ते नाव ओळखावे. परक्या शहरात तेवढीही ओळख पुष्कळ वाटते.

तथापि, विषाद दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास किंवा जीविताविषयी नैराश्याचे उद्गार निघाल्यास सात्म्याच्या चर्चेत वेळ न दवडता रुग्णास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. सोबत त्याची भाषा जाणणारा नातलग द्यावा.