लंगोटाखालची लाली

डायपर रॅश म्हणजे लंगोटाने किंवा डायपरने झाकलेल्या त्वचेचा दाह. नितंब, ओटीपोटाचा खालचा भाग आणि मांड्यांची आतली बाजू लाल होते, चकाकू लागते आणि पुसताना बाळ कळवळते. जांघेच्या खोल घडीत कापड टेकत नाही, त्यामुळे तिथली त्वचा बहुधा शाबूत राहते. ही खूण लक्षात ठेवावी, कारण पुढे कोणते औषध लावायचे हे तिच्यावर ठरते. ९ ते १२ महिन्यांच्या वयात हा त्रास सर्वाधिक दिसतो. बाळ तेव्हा बसू लागलेले असते, वरचे खाऊ लागलेले असते आणि त्याची शी बदललेली असते.

या लालीचा दोष बराच काळ एकट्या अमोनियाला दिला गेला. १९२१ मध्ये अमेरिकेतील जे. व्ही. कुक यांनी बाळांच्या शीमधून एक जिवाणू वेगळा केला. लघवीतल्या युरियापासून तो अमोनिया तयार करतो. सकाळी ओल्या दुपट्याला येणारा उग्र वास पाहता ते कोणालाही पटण्यासारखे होते. पुढच्या अभ्यासांत मात्र निरोगी त्वचेला अमोनिया फारशी इजा करत नाही असे दिसले. त्याचे खरे काम आडवळणाचे आहे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. अमोनियाने ती आम्लता घटते आणि शीत असलेली, प्रथिने व चरबी पचवणारी विकरे जोमाने कामाला लागतात. अन्न पचवायचे सोडून ती त्वचेचा वरचा थर पचवू लागतात. त्याआधी ओलीने ती त्वचा फुगून मऊ झालेली असते आणि हालचालीत कापड घासून सोलवटते. म्हणूनच नुसत्या शूपेक्षा शू आणि शी एकत्र साचून राहणे कितीतरी वाईट. जुलाबात लाली तासाभरात फुलते तीही याचमुळे. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाची शी अधिक आम्ल असते आणि तिच्यात या विकरांचा जोर कमी असतो, त्यामुळे अशा बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो.

थोडक्यात, हा संसर्ग नव्हे. ओल आणि तिच्यात गेलेला वेळ यांचा हिशेब आहे. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हा हिशेब पावसाळ्यात बिघडतो. जून ते सप्टेंबर हवा दमट, ऊन क्वचित, गल्ल्या अरुंद आणि घरे भिंतीला भिंत लावून. जुन्या सुती लुगड्याचे लंगोट दिवसाला डझनाने निघतात आणि वलणीवर दोन दिवस टांगूनही आंबूस राहतात. असा अर्धवट वाळलेला लंगोट बाळाला बांधणे म्हणजे ओलीने सुरुवात करणे. तो आधी पंख्याखाली घ्यावा आणि मग त्यावर गरम इस्त्री फिरवावी. उरलेली ओल तेवढ्याने जाते. काही घरांत दुपटी धुरीवर धरतात. त्याने कापडाला वास लागतो, पण ते नीट वाळत नाही, शिवाय धूर बाळाच्या छातीला बरा नाही.

धुण्यातही एक चूक सर्रास होते. कापड स्वच्छ व्हावे म्हणून सोडा आणि साबण भरपूर, शेवटच्या पाण्यात जंतुनाशकाचे टोपण, आणि खळबळणे मात्र एकदाच. कापडात उरलेला सोडा त्वचेची आम्लता घटवतो, म्हणजे अमोनियाचेच काम करतो. शी आधी झटकून टाकावी, साध्या साबणाने धुवावे आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत दोन-तीनदा खळबळावे. जंतुनाशकाची गरज नसते.

कापडी लंगोट की विकतचे डायपर, हा वाद अनेक घरांत आजी विरुद्ध सून असा रंगतो. दोघींचेही अर्धेच खरे आहे. कापडी लंगोटातून हवा खेळते, पण ओल तो धरून ठेवत नाही. त्याचा खरा गुण असा की ओला झाला की लगेच कळतो आणि बदलावाच लागतो. १९८० च्या दशकापासून डायपरमध्ये पाणी शोषून घट्ट धरणारे कण येऊ लागले. त्यांनी त्वचा खरोखरच कोरडी राहते आणि रॅशही कमी होते. पण बाहेरून कोरडे दिसते म्हणून तेच डायपर सहा-सात तास राहते, आणि मग फायदा वजा होतो. दिवसा दर दोन-तीन तासांनी, आणि शी झाली की लगेच, डायपर बदलावे. पावसाळी रात्री ओल्या लंगोटापेक्षा डायपर चांगले, हे मान्य करायला हरकत नाही. सर्वांत वाईट म्हणजे लंगोटावर चढवलेली प्लॅस्टिकची चड्डी: ओल आत, हवा बाहेर.

लाली आलीच तर उपचार साधा आहे. कोमट पाणी आणि मऊ सुती फडके पुरते. सुगंधी वाइप्स टाळावेत. चिकटलेली शी घासू नये, थोड्या खोबरेल तेलाने सैल करून पुसावी. मग टिपून कोरडे करावे आणि दिवसातून काही वेळा बाळाला दुपट्यावर उघडेच ठेवावे. हा उपाय फुकटचा असल्यामुळे त्याच्यावर कोणाचा फारसा विश्वास बसत नाही, पण काम तोच करतो. पुन्हा बांधण्यापूर्वी झिंक ऑक्साइडच्या मलमाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा. त्वचा आणि घाण यांच्यामध्ये आडोसा उभा करणे हेच या मलमाचे काम. म्हणून पुढच्या वेळी वरची घाण तेवढी पुसावी, मलम खरवडून काढू नये. हळद, डाळीचे पीठ, लिंबू यांतले काहीही सोललेल्या त्वचेवर लावू नये. दोन-तीन दिवसांत फरक दिसतो.

पावडरचा डबा या कामातून बादच करावा. ओलीत तिचे गोळे होऊन घड्यांत घासतात आणि उडालेली भुकटी बाळाच्या श्वासातून छातीत जाते. सोललेल्या त्वचेतून काय काय शरीरात शिरू शकते याचा भीषण दाखला १९७२ मध्ये फ्रान्समध्ये मिळाला. ‘टाल्क मोरांज’ या बेबी पावडरमध्ये चुकून हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक मोठ्या प्रमाणात मिसळले गेले. २०४ मुलांना विषबाधा झाली आणि त्यांतली ३६ दगावली. बोरिक पावडरनेही पूर्वी अशीच बाळे गेली आहेत. जुन्या घरांत तिची डबी अजून सापडली, तर ती बाळापासून दूर ठेवावी.

तीन दिवसांनंतरही लाली टिकली, घड्यांतही शिरली, गडद लाल झाली आणि कडेने बारीक पुळ्यांचे ठिपके उमटले, तर त्यावर कँडिडा ही बुरशी वाढलेली असते. प्रतिजैविकांच्या औषधानंतर हे विशेष होते. इथे क्लोट्रिमाझोल किंवा निस्टॅटिनसारखे बुरशीविरोधी मलम लागते, तेही डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. बाळाच्या तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे असतील तर तेही दाखवावेत.

खरा धोका घरातल्या जुन्या ट्यूबमध्ये आहे. गजकर्ण आणि जांघेतली खाज पेठेच्या तालमींतल्या पोरांना नवी नाही. त्यासाठी मेडिकलमधून आणलेले बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड यांचे मिश्रण असलेले मलम कपाटात पडून असते. तेच बाळाला लावले की दोन दिवसांत लाली उतरते आणि घर खूश होते. स्टेरॉइड फक्त दाह दाबते; त्याच्या आडून बुरशी पसरत राहते. बाळाची त्वचा पातळ, त्यावर घट्ट डायपर, त्यामुळे औषध रक्तात जास्त जाते. त्वचा झिजते, तिच्यावर गाठी उठू शकतात आणि वापर लांबला तर बाळाच्या वाढीवरही परिणाम होतो. ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन हे नाव दिसले तर ती बाळासाठी नाही.

जुलाब चालू असतील तर मलमाने भागत नाही. ते थांबेपर्यंत लाली हटत नाही, म्हणून ओआरएस द्यावे आणि डॉक्टरांना विचारून १४ दिवस झिंकच्या गोळ्याही.

ताप, पू, पाण्याचे फोड, रक्त, दूध न पिणे, किंवा डायपरबरोबरच तोंडाभोवती आणि हातापायांवरही चट्टे येणे, यांपैकी काहीही दिसले तर थांबू नये. खरूज, जिवाणूंचा संसर्ग आणि क्वचित शरीरातली झिंकची जन्मजात कमतरता हीसुद्धा सुरुवातीला अशीच दिसते. पेठेतल्यांना त्यासाठी बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना किंवा सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जवळच आहे. जाताना आजवर लावलेली प्रत्येक ट्यूब आणि डबी बरोबर न्यावी. आधी काय लावून झाले हे कळल्याशिवाय समोरच्या लालीचे मूळ रूप डॉक्टरांनाही ओळखणे कठीण जाते.