नव्या भागाची परीक्षा

नीरेच्या डाव्या कालव्याने ज्या मुलखाला ऊस आणि उसाबरोबर सुबत्ता दिली, त्या बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत लोखंड-पोलादाला आकार देण्याची विद्याही तितकीच खोल रुजलेली आहे, याची जाणीव बाहेरच्या वाचकास क्वचितच असते. शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळरानावर साखर कारखाना उभारला आणि १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटारींची कंपनी स्थापन केली. त्यांच्या नावाने वसलेल्या वालचंदनगरात पुढे इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी आवरणे घडू लागली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओची तीनचाकी वाहने बनतात, २०१२ पासून व्हेस्पा स्कूटरही बनते, आणि भारत फोर्जच्या तेथील कारखान्यात क्रँकशाफ्टवर यंत्रकाम होते. या सर्व उद्योगांत माल घडविणाऱ्या हातांइतकेच महत्त्व तो तपासून मंजूर वा नामंजूर करणाऱ्या डोळ्यांना आहे.

पिस्टनच्या खालीवर होणाऱ्या गतीचे चक्राकार गतीत रूपांतर करणारा क्रँकशाफ्ट मिनिटाला हजारो फेरे घेतो आणि सिलिंडरातील प्रत्येक स्फोटाचा आघात सोसतो. तापलेल्या पोलादावर घण पडताना धातूची एखादी घडी आत दुमडून राहिली, पाणी देताना ताण पडून सूक्ष्म चीर गेली, किंवा ग्राइंडिंगच्या वेळी पृष्ठभाग जळला, तर केसाहून बारीक असलेला तो दोष फेऱ्याफेऱ्यागणिक पुढे सरकतो आणि एके दिवशी, भर रस्त्यात, दांडा मोडतो. म्हणून तयार दांड्याला विद्युत्प्रवाहाने चुंबकत्व देतात, चमकणारी लोहभुकटी मिसळलेला द्रव त्यावर सोडतात, आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली त्याचे निरीक्षण करतात. चिरेपाशी चुंबकीय क्षेत्र पृष्ठभागाबाहेर सांडते, भुकटी तेथेच गोळा होते, आणि उघड्या डोळ्यांना न दिसणारा दोष हिरव्यापिवळ्या रेघेने उजळून निघतो. चुंबकीय रेषांना समांतर गेलेली चीर मात्र दडून राहते. त्यामुळे आडवी व उभी अशी दोन्ही दिशांनी परीक्षा करावी लागते. शेवटी चुंबकत्व काढून टाकणेही तितकेच अगत्याचे, कारण ते राहिले तर इंजिनातील लोखंडी कीस दांड्यालाच चिकटतो व बेअरिंग खरवडतो.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम होक यांना चुंबकावर धरलेल्या पोलादी तुकड्यांवरचा कीस नेमका चिरांच्या रेषेत जमताना दिसला, आणि त्या निरीक्षणातून ही पद्धत निघाली. त्यापूर्वी रेल्वेच्या कार्यशाळांत आस तेलात भिजवून, पुसून, वर खडूची पूड लावीत, आणि चिरेत मुरलेले तेल पांढऱ्यावर डागासारखे उमटे. चुंबकाला दाद न देणाऱ्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडसाठी आजही याच तत्त्वावरचा लाल रंग वापरतात.

कारखान्याने अशी चाळणी लावली असता इंजिन बांधताना गॅरेजमध्ये नव्या भागांची पुन्हा तपासणी कशाला, असे कोणी विचारील. परंतु कारखान्यापासून गॅरेजपर्यंतच्या प्रवासात भाग आपटतो, खोक्यात भलत्याच मापाचा जिन्नस येतो, तेलाच्या छिद्रात धातूचे कुसळ किंवा साच्याची वाळू राहून जाते. आणि या गोष्टी सीलबंद खोक्यावरच्या छापावरून कळत नाहीत. आठवडी बाजारात मडके वाजवून घेणारा आपला गृहस्थ हजारो रुपयांचा क्रँक मात्र न पाहता बसवू देतो, याचा मला मनापासून खेद वाटतो. वास्तविक कसबी मिस्त्रीजवळची साधने साधीच असतात. मायक्रोमीटरने जर्नलचे, म्हणजे दांड्याच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचे, माप घ्यावे. व्ही-ब्लॉकवर दांडा फिरवून डायल गेजने तो वाकडा आहे की नाही ते पाहावे. हेडवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखालून फिलर गेज सरकवावे, अनेक मोटारींत ०.०५ मिलिमीटरहून अधिक फट चालत नाही. पिस्टनची रिंग सिलिंडरात सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधील अंतर मोजणे तर कधीच चुकवू नये. हे अंतर कमी पडले तर तापल्यावर टोके एकमेकांना भिडतात आणि नवा बोअर ओरखडला जातो. बेअरिंग व जर्नल यांमधील तेलाची फट केसाच्या जाडीहूनही कमी असते, म्हणून तेलाचे प्रत्येक छिद्र ब्रशने घासून, धुऊन, हवेने साफ केल्यावाचून भाग बसविणे हा निष्काळजीपणाच होय. मापांची अंतिम मर्यादा त्या त्या मोटारीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेली असते, आणि तीच प्रमाण मानावी.

या सर्व कामास फार तर एखादा दिवस लागतो, आणि त्या दिवसाची मजुरी मिस्त्रीने मागितली तर ती विनातक्रार द्यावी. इंजिन बांधावयास टाकणाऱ्या प्रत्येक वाचकास माझी विनंती एवढीच की, हेड बसण्यापूर्वी स्वतः गॅरेजमध्ये जावे, नव्या भागांची मोजलेली मापे कागदावर लिहून मागावीत, आणि तो कागद बिलाबरोबर जपून ठेवावा.