पायथॉनमधील ‘प्रिंट’ आणि देवनागरी मजकूर

पायथॉन या स्क्रिप्टिंग भाषेत ‘प्रिंट’ ही आज्ञा मजकूर कागदावर छापत नाही, पडद्यावर दाखवते. डिसेंबर 2008 मध्ये आलेल्या पायथॉन 3 पासून ती फंक्शन झाली, त्यामुळे मजकूर कंसात द्यावा लागतो. स्वल्पविरामाने दिलेल्या दोन गोष्टींमध्ये ती एक मोकळी जागा सोडते आणि शेवटी नवी ओळ सुरू करते. दोन्ही सवयी बदलता येतात.

मराठीत खरी अडचण रकाने जुळवताना येते. ठाणे जिल्ह्यातील गावांची यादी करायची आहे असे समजा. किन्हवली, शहापूर आणि मुरबाड ही तिन्ही नावे वाचणाऱ्याला चार अक्षरी दिसतात. पायथॉन मात्र युनिकोडची चिन्हे मोजतो; वेलांटी, काना, उकार, हलन्त हे सारे त्याच्या लेखी स्वतंत्र. म्हणून किन्हवलीची लांबी आठ भरते, इतर दोन नावांची सहा. रकाना दहाचा ठेवला तर किन्हवलीपुढे दोनच मोकळ्या जागा येतात, इतरांपुढे चार, आणि पुढचा रकाना वाकडातिकडा होतो. हा दोष लिपीचा नव्हे, मोजणीच्या पद्धतीचा आहे. अशी यादी मोकळ्या जागा मोजून न जुळवता एचटीएमएल तक्त्यात किंवा स्प्रेडशीटमध्ये काढावी; फाइल लिहिताना यूटीएफ-8 संकेतन निवडावे.