विद्यापीठाची खिडकी

सोलापुरांत भवानी पेठेंत आमचें घर आहे. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून आमच्या ओसरीवर रोज सायंकाळीं एक कचेरी भरूं लागली आहे. तिला ना शिक्का, ना वेतन. पेठेंत यंत्रमागांचा खडखडाट रात्रींही थांबत नाहीं. मागावर राबणाऱ्या बापांचीं आणि विड्या वळणाऱ्या आयांचीं मुलें आतां महाविद्यालयांत जातात. पुष्कळांच्या घरीं तेलुगू बोलली जाते, मग मराठी-इंग्रजी अर्ज हातांत घेऊन तीं "गुरुजी, एवढें बघतां का?" म्हणून आमच्या दारीं येतात. आम्ही स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. संस्कृत शिकलों तें एका शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून. त्याला प्रमाणपत्र नव्हतें. अशा माणसानें विद्यापीठाच्या कारभाराविषयीं लिहावें हें कोणास हास्यास्पद वाटेल. परंतु विद्यापीठाची खिडकी आम्हीं पुष्कळ पाहिली आहे, आणि ती बाहेरच्या बाजूनें पाहिली आहे.

दोन-तीन वर्षांमागची गोष्ट. शेजारच्या एका मुलीनें बाहेरगांवच्या एका विद्यापीठाची विज्ञानाची पदवी घेतली. विद्यापीठाचें नांव आम्ही सांगत नाहीं; सांगून तिचें गेलेलें वर्ष परत येणार नाहीं. गुणपत्रकावर तिच्या वडिलांच्या नांवांत एक अक्षर चुकलें होतें. चूक छापणाराची, ती दुरुस्त करून घेण्याचें काम मात्र मुलीचें. पुढील शिक्षणाच्या प्रवेशासाठीं तें गुणपत्रक निर्दोष हवें होतें. पहिल्या खेपेस खिडकीवर सांगण्यांत आलें कीं अर्ज महाविद्यालयामार्फत आला पाहिजे. दुसऱ्या खेपेस प्रतिज्ञापत्र हवें असें कळलें. तें पहिल्या खेपेसच कां सांगितलें नाहीं, या प्रश्नाला उत्तर नव्हतें. तिसऱ्या खेपेस संबंधित गृहस्थ रजेवर. प्रत्येक खेपेस बाप सोबत जाई, आणि बाप गेला कीं त्या दिवसाची मजुरी बुडे. चौथ्या खेपेस आम्हीच सोबत गेलों. दुरुस्त कागद हातीं पडला तेव्हां अर्ज देऊन ६१ दिवस झाले होते, आणि प्रवेशाची मुदत संपून ९. मुलगी रडली नाहीं. तिनें कागद पिशवींत ठेवला आणि "बस कितीची आहे, गुरुजी ?" एवढेंच विचारलें. आज ती एका कापडाच्या दुकानांत हिशेब लिहिते.

परतल्यावर आम्हीं त्याच विद्यापीठाचा स्वयं-अध्ययन अहवाल संगणकावर उघडून वाचला. मूल्यमापनासाठीं प्रत्येक विद्यापीठास असा अहवाल स्वतःच लिहून द्यावा लागतो. तक्रार-निवारण समिती आहे, तिच्या सभा झाल्या, कामकाज संगणकीकृत आहे, असें सर्व त्यांत होतें. त्यांतील एकही वाक्य खोटें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्या ६१ दिवसांना बसावयास मात्र त्या कोष्टकांत रकाना नव्हता.

हें मूल्यमापन करणारी राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद १९९४ सालीं स्थापन झाली. तिचें ठाणें बंगळुरास आहे. तिनें विद्यापीठांना जे सात निकष लावले, त्यांत अभ्यासक्रम, अध्यापन, संशोधन हे तर आलेच; पण विद्यार्थ्यांस मिळणारें साहाय्य आणि संस्थेचा कारभार यांनाही स्वतंत्र निकष दिले. हें योग्यच झालें. २०१७ पासून विद्यार्थ्यांचें समाधान विचारणारी प्रश्नावलीही सुरू झाली. परंतु तिचा रोख मुख्यतः वर्गांतील अध्यापनावर राहिला. शिक्षक तयारी करून येतात काय, हें मुलास विचारलें गेलें. नांव दुरुस्त करावयास किती खेपा घातल्या, हें विचारलें गेलें नाहीं. शिवाय प्रश्नावली जाते ती शिकत असलेल्या मुलांकडे. कचेरीची खरी गांठ पडते ती शिक्षण संपल्यावर, आणि तोंवर मूल प्रश्नावलीच्या टप्प्याबाहेर गेलेलें असतें. जन्मभर मुलांस गुण देत आल्यामुळें परीक्षेचा आम्हांस तिटकारा नाहीं. पण पाठ न झालेला धडाच पेपरांतून वगळला, तर सगळा वर्ग पहिल्या श्रेणींत येणारच !

सोलापुरकरांस तर हा प्रश्न परका नाहींच. आमच्या दयानंद महाविद्यालयाचा आरंभ १९४० चा. त्या वेळीं येथील पदवी मुंबई विद्यापीठाची असे. १९४९ पासून पुण्याकडे पाहावें लागलें, आणि १९६२ सालीं शिवाजी विद्यापीठ निघाल्यावर कोल्हापुराकडे. पुणें काय नि कोल्हापूर काय, सोलापुराहून दोन्ही सुमारें अडीचशे किलोमीटर. त्यांतून कोल्हापुरास रेल्वेनें जावयाचें तर कुर्डुवाडीस गाडी बदलून मिरजेच्या अरुंद रुळांवरच्या गाडींत बसावें लागे. एका सहीसाठीं रात्रीची एस. टी. धरून जाणारे, आणि सही न मिळाल्यास स्थानकावरच पथारी टाकणारे विद्यार्थी आमच्या पिढीनें पाहिले आहेत.

अखेर १ ऑगस्ट २००४ रोजीं सोलापूर विद्यापीठ स्थापन झालें; केवळ एका जिल्ह्यापुरतें विद्यापीठ ही महाराष्ट्रांत नवलाचीच गोष्ट होती. २०१९ सालीं त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचें नांव मिळालें. त्याचें आवार पुणें रस्त्यावर केगांवास आहे. आमच्या पेठेंतून शहर ओलांडून जावें लागतें खरें, पण सकाळीं निघालेलें मूल दुपारच्या जेवणास घरीं येऊं शकतें. एका जिल्ह्यास स्वतंत्र विद्यापीठ कशासाठीं, असा प्रश्न तेव्हां विद्वानांस पडणें साहजिक होतें. त्यास आमच्या मतें सर्वांत बळकट उत्तर हेंच, कीं कचेरी जवळ आली. म्हणून इतर विद्यापीठांत ज्या गोष्टीस दुय्यम म्हणतात, ती येथें मुख्य समजून तपासली पाहिजे. अडीचशे किलोमीटरांचे दहा झाले, पण खेपा एकाच्या पांच झाल्या, तर मिळविलेलें अंतर आपणच गमावूं.

कायदा याबाबत मुका नाहीं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानें परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत, निकाल लावण्याचें बंधन घातलें आहे. तो कायदा अंमलांत आला त्याच वर्षीं, २०१७ च्या उन्हाळ्यांत, मुंबई विद्यापीठानें लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा घाट पुरती तयारी न करितां घातला. निकाल महिनोन्महिने लांबले, पुढील प्रवेश अडले, आणि ऑक्टोबरांत खुद्द कुलगुरूंस पदावरून दूर करण्यांत आलें. संगणक आणला म्हणजे सेवा सुधारली, असें समजणारांनीं तें वर्ष विसरूं नये.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटलाचें, म्हणजे दप्तरखान्याचें, सविस्तर वर्णन केलें आहे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब आषाढी पौर्णिमेस येऊन पोंचलेच पाहिजेत असा त्याचा दंडक आहे. अधिकारी राजाचें द्रव्य कसें गिळंकृत करितात याचे चाळीस प्रकारही तो सांगतो. लोकांचा वेळ गिळण्याचे प्रकार मोजावयास बसता, तर त्याची लेखणी चाळीसांवर थांबती ना !

मग तपासणी कशी करावी ? एखाद्या अनोळखी माणसानें साधा अर्ज घेऊन खिडकीशीं उभें राहावें. अर्ज कोणत्या मेजावर किती दिवस पडून राहिला हें टिपावें. सरासरी काढूं नये. शंभरांत नव्वद मुलांस दोन दिवसांत कागद मिळाला तरी उरलेल्या दहांत आमची शेजारीण असते. पदवी घेऊन दोन वर्षें झालेल्यांस विचारावें, आणि ज्यांनीं कंटाळून अर्जच सोडून दिला त्यांस आधीं विचारावें. सोलापुरांत हें विचारणें मराठीबरोबर तेलुगूंत आणि कानडींतही व्हावें.

आणि खिडकीच्या आंतल्या माणसासही विचारावें. त्या चौथ्या खेपेस आम्ही आंत डोकावलों होतों. दोन मेजांचें काम एकाच तरुणाकडे होतें, तोही कंत्राटावरचा. जमिनीवर गठ्ठे रचलेले. आम्ही बरेंच रागावून गेलों होतों. त्यानें आम्हांस स्टूल दिलें, पाणी दिलें आणि हळू आवाजांत म्हणाला, "काका, सही करणारा वेगळा, बोलणी खाणारा वेगळा." त्यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. रिक्त जागा न भरतां सेवेची श्रेणी ठरविणें म्हणजे एकाच खडूवर सगळी शाळा चालवून अक्षर वाईट म्हणून गुरुजींचे गुण कापण्यासारखें आहे.

ओसरीवर येणाऱ्या अर्जांची आम्ही आतां एक वही ठेविली आहे. नांव, कामाचा प्रकार, खेपा, दिवस आणि बुडालेली मजुरी, असे पांच रकाने आहेत. परवां एका मुलाच्या नांवापुढें खेप १, दिवस ४, मजुरी शून्य, अशी नोंद केली. त्या कचेरींतील कारकुनाचें नांव विचारून घ्यावयाचें मात्र राहून गेलें.